कोकोचं वावर

घानाची राजधानी असलेल्या आक्रा शहरात पहिल्या आठवड्यात जे वाक्य मी सगळ्यांत जास्त वेळा वाचलं, ते भिंतींवर होतं. अर्ध्या बांधलेल्या कंपाउंडवर, पत्र्याच्या फाटकावर, कधी माळावर रचलेल्या विटांच्या चार थरांवर, लाल रंगात हाताने लिहिलेलं: ‘ही जमीन विकायची नाही.’ त्याखाली कुठे ‘लांब राहा’, तर कुठे ‘प्रकरण कोर्टात आहे’.

कंपनीच्या ड्रायव्हरला विचारलं, तेव्हा त्याने समजावून सांगितलं. इथली बहुतेक जमीन, म्हणजे साधारण ऐंशी टक्के, सरकारची नाही आणि एकट्यादुकट्याचीही नाही. ती घराण्यांची आणि टोळीप्रमुखांच्या गादीची. घराण्यातला एक भाऊ ती एकाला विकतो, चुलता दुसऱ्याला, पुतण्या तिसऱ्याला. तिघांकडेही कागद असतो. मग जो आधी भिंत उभी करील आणि राखणीला दांडगी माणसं ठेवील, जमीन त्याची. या माणसांना तिथे ‘लँडगार्ड’ म्हणतात. पुढे २०२०च्या जमीन कायद्याने हा धंदा गुन्हा ठरवला. आधी गुंडांची भीती, नंतर कोर्टाची तारीख, आणि मधल्या काळात घर अर्धवटच.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, कापसाच्या घरचा. धुऱ्यावरून डोकी फुटलेली लहानपणापासून पाहत आलोय, त्यामुळे भिंतीवरच्या त्या अक्षरांचा अर्थ कळायला वेळ लागला नाही. पाण्याचे पंप विकणाऱ्या एका कंपनीच्या कामासाठी मी तेमा बंदराजवळ दोन वर्षं राहिलो. घानाबद्दल आज मला जे वाटतं, ते त्या कचेरीत बसून आलेलं नाही. माझ्या एका सहकाऱ्याच्या आजीच्या वावरात ते समजलं.

तिला सगळे ‘नाना’ म्हणत. आपल्याकडे नाना म्हणजे घरातला वडीलधारा पुरुष. तिथे हा मान बाईलाही मिळतो. मीही नानाच म्हणायचो आणि ती मला ‘मे बा’ म्हणायची, म्हणजे माझं लेकरू. तिचं वावर आकिम अबुआक्वा भागात, सुहुमच्या पलीकडे. आक्राहून अबुरीचा घाट चढायचा, आकुआपेमच्या डोंगरधारेवरून माम्पाँग गाव मागे टाकायचं आणि पलीकडे उतरायचं. उतरताना हवा बदलते. दमट, गोडसर, थोडा आंबूस वास येतो. तो कोकोच्या बियांचा. फोडलेल्या फळांतल्या बिया केळीच्या पानांखाली सहा दिवस झाकून ठेवतात. त्या तापतात, आंबतात, मग बांबूच्या चटयांवर त्यांना आठवडाभर ऊन देतात. नाना चटईशी बसून हाताने बी परतायची, आमच्याकडे अंगणात तूर परततात तशी.

तिच्या वावरात पहिल्यांदा शिरलो तेव्हा हे जंगलच आहे असं वाटलं. वर उंच झाडं, मध्ये कोको, खाली कोवळी केळी आणि अळूसारखी पानं. बांध नाही, तार नाही. नाना म्हणाली, “दिसत नाही तुला? हे बघ.” दर पंधरावीस पावलांवर लांब पानांचं एक सडपातळ झाड होतं. आपण कुंडीत ड्रसिना लावतो त्याच जातीचं. तिथे त्याला न्तोमे म्हणतात आणि ते शिवेला लावतात. ते सहजी मरत नाही आणि त्याला दुसरं काही समजण्याची चूक कोणी करत नाही.

कोको आफ्रिकेचा नाही, तो अमेरिका खंडातून आला. घानात ज्याचं नाव त्यासाठी घेतलं जातं तो तेत्तेह क्वार्शी नावाचा लोहार. फर्नांडो पो (आजचं बिओको) बेटावर कामाला गेला, येताना बिया घेऊन आला आणि १८७९ साली माम्पाँगला लावल्या. मिशनऱ्यांनी त्याच्याही आधी रोपं आणून पाहिली होती. पण शाळेतल्या पोरांना विचाराल तर उत्तर एकच, लोहार. त्या लोहारानंतर बत्तीस वर्षांनी, १९११ साली, हा छोटा देश (तेव्हाचा गोल्ड कोस्ट) जगात सगळ्यांत जास्त कोको पिकवत होता.

हे कोणी केलं? मी समजत होतो, इंग्रजांनी मळे लावले असतील, आसामच्या चहासारखे. तसं झालं नाही. इथे गोऱ्यांचे मळे जवळजवळ नव्हतेच आणि त्यालाही कारण घडलं होतं. १८९०च्या दशकात इंग्रज सरकारने ‘पडीक’ जमिनी आपल्या ताब्यात आणणारा कायदा करायचं ठरवलं. किनाऱ्यावरच्या शिकलेल्या मंडळींनी आणि टोळीप्रमुखांनी १८९७ साली केप कोस्टला एक संघटना उभी केली. त्यांचं म्हणणं साधं होतं. इथे एक वीतही जमीन बेवारस नाही, शेताला विश्रांती दिली म्हणजे ते सोडून दिलं असं होत नाही. १८९८ साली त्यांचं शिष्टमंडळ लंडनला गेलं, वसाहतमंत्री चेंबर्लेनला भेटलं आणि विधेयक मागे घ्यायला लावून परतलं. दक्षिण आफ्रिकेत १९१३च्या कायद्याने काळ्या लोकांसाठी देशातली जेमतेम सात टक्के जमीन उरली. केनियात चांगल्या उंचावरच्या जमिनी गोऱ्यांसाठी राखल्या गेल्या. गोल्ड कोस्टात जमीन राहिली, म्हणून कोको शेतकऱ्याचा राहिला. आफ्रिकेच्या दारिद्र्याबद्दल बोलताना सगळा खंड एकाच पोत्यात घातला जातो, तेव्हा मला हे शिष्टमंडळ आठवतं.

पुढची गोष्ट मला त्याहून प्रिय आहे. आकुआपेमच्या डोंगरधारेवर जमीन थोडी. तिथल्या माणसांनी खालच्या आकिम प्रदेशातलं जंगल विकत घेतलं. एकेकट्याला झेपेना, म्हणून दहा-वीस-तीस जणांनी मिळून. नात्यातले असायलाच हवेत असं नव्हतं. त्या गटाला ते इंग्रजी शब्दानेच ‘कंपनी’ म्हणत. एक म्होरक्या प्रमुखाशी सौदा करायचा. मग पायथ्याला, बहुधा ओढ्याकाठी, दोर लावून ज्याने जितके पैसे घातले तितकी रुंदी त्याला मोजून द्यायची. तिथून पट्टा सरळ मागे जंगलात जाई. वरून पाहिलं तर ती जमीन फाडलेल्या कापडाच्या पट्ट्यांसारखी दिसते. सरकारी मोजणीदार नाही, रजिस्ट्रार नाही. पहिल्या वावराच्या कोकोवर दुसरं वावर, दुसऱ्याच्या पैशावर तिसरं. नदी आडवी आली तर वर्गणी काढून, कंत्राटदार लावून पूल बांधले. रस्ते केले, मोटारी घेतल्या. पॉली हिल या इंग्रज संशोधक बाईने गावोगाव फिरून हे सगळं धुंडाळलं आणि १९६३ साली छापलं. तोवर वसाहतीचे अंमलदार समजत होते की कोको म्हणजे झोपडीमागच्या अर्ध्या एकरात बायकापोरांनी सहज काढलेलं पीक. आपल्या नाकासमोर काही हजार उद्योजक उभे आहेत हे त्यांना साठ वर्षं दिसलं नाही.

नानाचा आजोबा अशाच एका कंपनीत होता. तिने त्याचा पट्टा मला लांबून दाखवला. लांबून, कारण तो आता तिच्या भावांच्या मुलांचा. तिच्या माहेरी वारसा बापाकडून मुलाकडे जातो. सासर आकिमचं, तिथे आईच्या बाजूने, म्हणजे पुरुष मेला की त्याचं वावर त्याच्या बहिणीच्या मुलाकडे. माहेरचा नियम एक, सासरचा नेमका उलटा, आणि दोन्हीकडून बाई कोरडी. ती हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती. बोटं मोजत सांगत होती. माझ्या मात्र अंगावर काटा आला. नवऱ्याच्या वावरात तीस वर्षं राबलेली बाई तेराव्याला (त्यांचं तेरावं चाळिसाव्या दिवशी येतं) भाच्याच्या हातात कोयता देऊन उठून जाते, हे तिने आपल्या जावेच्या बाबतीत पाहिलं होतं. १९८५ साली कायदा बदलला. मृत्युपत्र नसेल तर बायकोमुलांचा वाटा ठरला. पण तो माणसाच्या स्वतःच्या मिळकतीत. वावर घराण्याचं म्हटलं की वाद पुन्हा सुरू.

नानाच्या नवऱ्याने मात्र जिवंतपणीच सोय केली. दोन एकरांचा तुकडा तिला बक्षीस दिला. दिला म्हणजे कसा, तर पाच साक्षीदार बोलावले, त्यात त्याच्या बहिणीचा मुलगा मुद्दाम बसवला. नानाने श्नॅप्सची बाटली आणि थोडे पैसे पुढे ठेवले. याला ‘आसेदा’ म्हणतात, म्हणजे आभार. दारू जमिनीवर पितरांना ओतली, मग सगळ्यांनी घेतली. ज्याने ती दारू घेतली त्याला पुढे ‘मला माहीत नव्हतं’ म्हणता येत नाही. झाला दस्त. अशा दस्तावर स्टँप नसतो, पण मेलेल्यांसकट सगळ्यांची सही असते.

कोकोला फळ धरायला तीन ते पाच वर्षं लागतात आणि पुढे तीस-चाळीस वर्षं झाड देत राहतं. ज्याला पुढच्या वर्षी इथे असू की नाही याची खात्री नाही, तो कोको लावत नाही. उलटंही खरं. घानात ज्याने टिकाऊ झाड लावलं, त्याचा त्या जमिनीवरचा हक्क गावाच्या नजरेत घट्ट होतो. झाड हे पीकही आणि पुरावाही. म्हणून पुष्कळदा मालक वाटेकऱ्याला मका-कसावा (ज्या कंदाचा आपण साबुदाणा करतो तो) करू देतो, पण झाड लावू देत नाही. लावू दिलं तर आधी अटी ठरतात: ‘अबुनू’ म्हणजे अर्धा वाटा, ‘अबुसा’ म्हणजे तिसरा. शब्द सोडले तर हे बोलणं आमच्या गावच्या पारावरचं होतं.

जिथे झाड नाही तिथे काय होतं, याचं उत्तर त्याच आकुआपेम भागात मिळालेलं आहे. गोल्डस्टीन आणि उड्री या दोन अर्थतज्ज्ञांनी तिथल्या मका-कसावाच्या शेतांचा अभ्यास केला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. तिथली माती थकते. खतं महाग, म्हणून काही वर्षं वावर पडीक ठेवून तिला उभारी द्यायची, हाच शहाणपणा. पण पडीक ठेवलेलं वावर घराण्यातला दुसरा कोणी ‘याला गरज दिसत नाही’ म्हणून मागू शकतो. त्यांना असं आढळलं की गावात ज्यांच्याकडे एखादं पद आहे, ते वावर जास्त वर्षं पडीक ठेवतात. ज्यांच्याकडे नाही ते लवकर पेरतात आणि कमी पिकवतात. बायका तर नवऱ्यांपेक्षाही लवकर पेरतात. एकाच घरात, एकाच मातीत बाईच्या तुकड्याचं उत्पन्न कमी. यात आळस नाही, अज्ञान नाही. ती जमीन हातची जाऊ नये म्हणून थकलेल्या मातीत बी टाकत राहते. गरिबाला दूरचं दिसत नाही, असं मी एके काळी म्हणत असे. आता म्हणत नाही. त्याला दूरचं चांगलं दिसतं, पण वाट पाहायची त्याला परवानगी नसते.

आणि तरी जमिनीची खात्री एवढ्याने भागत नाही. नानाच्या वावरातच ते मला थराथराने दिसलं. वर सावलीला उभं असलेलं ओडुम, इमारती लाकडाचं मोलाचं झाड, तिचं नव्हे. घानात आपोआप उगवलेली इमारती झाडं १९६२च्या कायद्यापासून राष्ट्राध्यक्षांच्या नावे, जनतेच्या वतीने. ठेकेदार परवाना घेऊन येतो, झाड पाडतो, पडताना दहावीस कोकोची झाडं मोडतात आणि भरपाईसाठी हेलपाटे शेतकऱ्याच्या वाट्याला. म्हणून रोप असतानाच ते उपटून टाकणारे शेतकरी तिथे आहेत. जंगल राखायला केलेल्या कायद्याने जंगल असं मुळातून खुडलं जातं. २००२च्या दुरुस्तीने शेतकऱ्याने स्वतः लावलेलं झाड त्याचं झालं, पण आपोआप उगवलेलं अजून नाही. स्वतःच्या धुऱ्यावरच्या सागाला हात लावण्याआधी परवानगीसाठी चकरा मारलेल्या माझ्या वाचकांना हे वेगळं समजवायला नको. जमिनीखालचं सोनंही राष्ट्राचं. आकिमची बिरिम नदी बेकायदा खाणींनी चिखलासारखी झाली आहे. खाणवाला येऊन पैसे दाखवतो, शेजारी तयार होतो, आणि एका पावसाळ्यात चाळीस वर्षांचं वावर खड्डा होऊन बसतं.

उरलं काय, तर कोकोचं बी. त्याचा भाव सरकारी मंडळ ठरवतं.

१९४७ साली कोको पणन मंडळ आलं. शेतकऱ्याने सगळा कोको मंडळालाच विकायचा, मंडळ परदेशी विकणार आणि चांगल्या वर्षातली शिल्लक वाईट वर्षात देणार, अशी कल्पना. शिल्लक साठली. ती शेतकऱ्याकडे परत आली नाही. १९५४ साली जगात भाव कडाडले असताना शेतकऱ्याचा भाव साठ पौंडांच्या ओझ्याला ७२ शिलिंगांवर बांधून टाकला. जगाचा भाव त्याच्या दुपटीहून वर होता. कुमासी शहराभोवतीचा अशांती नावाचा प्रदेश पेटला तो यावरून. त्या पैशातून शिष्यवृत्त्या निघाल्या, देश उभा राहिला, हे नाकारायचं कारण नाही. पण ज्याचं बी त्याला कोणी विचारलं नाही. १९६०च्या दशकाच्या मध्याला साडेपाच लाख टनांवर गेलेलं पीक १९८३-८४ला सुमारे १,६०,००० टनांवर आलं. त्या साली वणवे लागले, दुष्काळ होता, हे खरं. पण माणसं आधीपासूनच नवी झाडं लावायची थांबली होती आणि कोको रात्री डोक्यावरून सीमेपलीकडे आयव्हरी कोस्टात जात होता.

हे नानाच्या तोंडून ऐकताना मला १९७२ नंतरचा आमचा कापूस आठवला. राज्यात एकाधिकार खरेदी होती, कापूस राज्याबाहेर न्यायला बंदी, पैसे हप्त्यांनी. संकलन केंद्राबाहेर गाड्यांची रांग, बैलांना पुढ्यातला कडबा, आणि कापसाच्या ढिगावर घोंगडी पांघरून झोपलेले बाबा. मी त्यांना डबा घेऊन जायचो. नानालाही मी ते सांगितलं. सहकारी मध्ये उभा राहून तिच्या भाषेत सांगत होता. ती ऐकत होती आणि एकदाच म्हणाली, “मग तुमच्याकडे सीमा किती लांब होती?” तेव्हाच्या आंध्र प्रदेशची सीमा आमच्यापासून फार लांब नव्हती. मी तेवढंच सांगितलं, तिला बाकीचं कळलं.

१९८०च्या दशकाच्या मध्यापासून घानाने शेतकऱ्याचा वाटा हळूहळू वाढवला. पुढे निर्यातभावाच्या सत्तर टक्क्यांचं लक्ष्य ठेवलं, गावपातळीवरच्या खरेदीत खासगी व्यापारी येऊ दिले. १९९१-९२ला कोको पिकवणाऱ्या घरांपैकी साठ टक्के गरीब होती. २००५-०६ला चोवीस टक्के. एवढी घसरण मी कुठल्याही अनुदानाच्या योजनेत वाचलेली नाही. हे आकडे मी नानाला सांगितले नाहीत, पण तिच्या घराला त्याच काळात पत्रे चढले आणि तिचा धाकटा मुलगा कुमासीला शिकायला गेला.

गोष्ट तिथे संपली असती तर बरं झालं असतं. २०२४ साली जगात कोकोचा भाव टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला. मंडळाने पीक आधीच जुन्या भावाने विकून ठेवलेलं, त्यामुळे एप्रिलमध्ये भाव वाढवूनही शेतकऱ्याला टनाला ३३,१२० सेडी (घानाचं चलन) मिळाले, म्हणजे जगाच्या भावाच्या साधारण चौथा हिस्सा. मंडळाच्या बाजूनेही बोलायला हवं: २०१७च्या सुमारास भाव कोसळले तेव्हा आयव्हरी कोस्टने शेतकऱ्याचा भाव कापला, घानाने टिकवला. पण पडत्या भावात सांभाळलं म्हणून चढत्या भावात घेऊन जाण्याचा हक्क मिळतो का? मला तो सौदा पटत नाही. निदान शेतकऱ्याला विचारून व्हावा.

नुसत्या जमिनीचंच हे नाही. आक्राच्या मकोला बाजाराचं नाव तिथे कुठल्याही बाईपुढे काढून बघा. १९२४ साली बांधलेला, पिढ्यान्पिढ्या बायकांनी चालवलेला. कापड, मासे, भांडी, सगळा घाऊक व्यापार त्यांच्या हातात. १९७९ साली देशात टंचाई होती आणि लष्करी सरकारने दोष या बायकांवर टाकला. ऑगस्टमध्ये सैनिकांनी बाजार सुरुंग लावून पाडला. टंचाई गेली नाही. गाळ्याला कागद असता तर तो वाचला असता का, सांगता येत नाही. आपल्या कमाईकडे सत्ता संशयाने बघते हे ज्याने पाहिलं, तो पुन्हा मोठं काही मांडायला धजत नाही, एवढं मात्र मी तिथल्या दुकानदार बायकांच्या बोलण्यात ऐकलं. पुन्हा मांडणाऱ्याही होत्या. आज मकोला गजबजलेला आहे.

माझ्या आईची एक गोष्ट सांगतो. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या वेळी आमच्या गावात काही घरांनी बायकांच्या नावे जमिनीचा हिस्सा केला, त्यात बाबा होते. सातबाऱ्यावर आईचं नाव चढलं. ती आधीही त्याच वावरात निंदायची, वेचायची. नाव चढल्याच्या पावसाळ्यात तिने विहिरीकडच्या बाजूला संत्र्याच्या दोन ओळी लावल्या. बाबा म्हणाले, फळ यायला पाच-सहा वर्षं जातील. ती म्हणाली, जाऊ द्या की. पंधरा वर्षांच्या संसारात तिने तोवर एक झाड लावलं नव्हतं आणि आमच्यापैकी कोणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. आक्राहून फोनवर मी तिला नानाच्या आसेदाची हकीकत सांगितली. तिने विचारलं, “साक्षीदार किती जिवंत आहेत?”

मी पुढच्या खेपेला नानाला तेच विचारलं. पाचांपैकी एक. नवऱ्याचा भाचा गेला होता, त्याच्या मुलांना ती बाटली आठवण्याचं कारण नव्हतं. सुहुमला जाऊन कागद करून घ्यावा असं सहकारी तिला वर्षभर सांगत होता. तीही नाही म्हणत नव्हती. मोजणीचा खर्च होता, आणि ज्याने मोजायला यायचं तो दोनदा येतो म्हणून आला नव्हता.

माझ्या शेवटच्या रविवारी आम्ही पोचलो तेव्हा ती घरी नव्हती. वावरात गेलो. ती पुढे आणि तिची नऊ-दहा वर्षांची पणती मागे, दोघी शिवेने चालल्या होत्या. नाना एकेका न्तोमेला हात लावायची आणि पलीकडच्याचं नाव घ्यायची. मुलगी त्याच झाडाला हात लावून ते नाव परत म्हणायची. ओढ्यापाशी एक झाड वाळलेलं होतं. नानाने शेजारच्या झाडाची फांदी कोयत्याने तोडली, मुलीच्या हातात दिली आणि कुठे खोचायची ते पायाने दाखवलं.